'सिओभान' नव्हे, शिवॉन

हे नाव मी पहिल्यांदा पाहिलं ते एका ईमेलच्या तळाशी. एस, आय, ओ, बी, एच, ए, एन. मराठी डोळ्यांना बीएच दिसलं की भ ऐकू येतो. भाकरी, भोसले, भांडुप सगळं आपण तसंच लिहितो. त्यामुळे मी मनातल्या मनात 'सिओभान' असं वाचून मोकळी झाले. आईने चष्मा वर करून स्क्रीनकडे बघितलं आणि निकाल दिला, "अगं, शोभना असेल. स्पेलिंग चुकलंय त्यांचं."

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर एका आयरिश बाईने "मी शिवॉन" अशी ओळख करून दिली. मी हसून मान डोलावली आणि पुढची पाच मिनिटं, ही सिओभान अजून आली कशी नाही, म्हणून यादी वरखाली करत बसले.

शिवॉन हे आयर्लंडमधलं जुनं, घरोघरी माहीत असलेलं बायकांचं नाव. या नावाच्या स्पेलिंगवरून जगभर विनोद होतात. इंग्रजी माणूस तर ते वाचताना हमखास अडखळतो. मला मात्र वाटतं, मराठी माणसाने हा विनोद करायचा नसतो. आयरिश लेखनपद्धतीत जे चालतं, ते आपण रोज बोलताना करतो, फक्त लक्षात येत नाही. आणि गंमत पुढेच आहे: दिसायला इतकं अस्सल आयरिश असलेलं हे नाव मुळात आयरिश नाही. बाहेरून आलं, आणि मग इतकं मुरलं की मूळ धन्यालाही ओळखू येऊ नये.

आधी उच्चाराचं बघू.

खिसा आणि खिशात

'खिसा' म्हणा. आता 'खिशात' म्हणा. स चा श कुणी केला? तुम्हीच. घसा दुखतो पण घशात दुखतं, आरसा लावला की आरशात बघतो, पैसा पैशाला ओढतो, म्हैस घेतली तरी दूध म्हशीचंच. शाळेत हा नियम कुणी पाठ करून घेतलेला नसतो. इ किंवा य यांचा वारा लागला की मराठी स मऊ होऊन श होतो. 'त्याचा' मधला च आणि 'त्याची' मधला च एकाच अक्षराने लिहितो, पण जीभ दोन वेगळ्या ठिकाणी टेकते, तेही याच कारणाने.

आयरिश भाषेत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाची अशी दोन रूपं आहेत. एक रुंद, एक बारीक. ही नावं त्यांचीच आहेत. ए, ओ, यू हे स्वर रुंद. ई आणि आय हे बारीक. एस हे अक्षर रुंद स्वराशेजारी बसलं तर स, बारीक स्वराशेजारी बसलं तर श. त्यांच्याकडे प्रकाशाला 'सोलस' म्हणतात, आणि 'प्रकाशाचा' म्हणायचं तर शेवटच्या एसच्या आधी एक आय येऊन बसतो आणि उच्चार होतो 'सोलिश'. खिसा, खिशात. तेच.

आता शिवॉनचं स्पेलिंग पुन्हा बघा. एसच्या पाठोपाठ आय आहे, म्हणजे तो एस बारीक, म्हणजे श. झालं पहिलं अक्षर.

मग तो ओ कशाला? तो उच्चारायला नाहीच. तो पुढच्या बीएचसाठी आहे. आयरिश मुलांना शाळेत एक ओळ घोकायला लावतात, जिचा अर्थ 'बारकाशी बारीक आणि रुंदाशी रुंद'. व्यंजनाच्या डावीकडे ज्या जातीचा स्वर, उजवीकडेही त्याच जातीचा हवा. बीएचच्या उजवीकडे ए आहे, रुंद. मग डावीकडेही रुंद स्वर पाहिजे, म्हणून ओ ची नेमणूक. लग्नाच्या पंगतीत समोरच्या बाजूला कुणी बसलं नाही तर बरं दिसत नाही, म्हणून कुणाला तरी बसवतात, तसा हा ओ. जेवत नाही, पण जागा धरून ठेवतो.

हे एकदा कळलं की बाकीची नावंही उलगडायला लागतात. 'शॉन' मध्ये एसनंतर ई का असतो, तर एसला श करायला. 'शिनेद' मध्ये आय तेच काम करतो. 'सीर्शा' हे अलीकडे फार लाडकं झालेलं मुलींचं नाव, अर्थ स्वातंत्र्य. त्यात दोन एस आहेत. पहिल्याशेजारी ए, म्हणून स. दुसऱ्यानंतर ई, म्हणून श. एकाच नावात दोन्ही नमुने. आणि लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा, २०१७ साली, मालवणजवळच्या वराड गावाच्या बातम्या वाचताना आपण सगळ्यांनीच एक शब्द ऐकला होता: 'टीशख'. आयरिश पंतप्रधानांचा हुद्दा. त्याच्या स्पेलिंगमध्येही श कुठे दिसत नाही. एस आहे, आणि त्याच्या आजूबाजूला आय आणि ई.

भ नव्हे, व

आता बीएच. इथे आपली फसगत ठरलेली, कारण आपण एच चा अर्थ 'श्वास सोडा' असा घेतो. आयरिशमध्ये एच चा अर्थ 'मऊ करा'.

जुन्या आयरिश वर्णमालेत अक्षरं अठराच होती. जे, के, क्यू, व्ही, डब्ल्यू, एक्स, वाय, झेड यांपैकी एकही नाही. व्ही नाही, पण व चा उच्चार तर भरपूर. मग तो लिहायचा कसा? बी मऊ केला की व होतो. होडीला ते 'बॉद' म्हणतात. 'माझी होडी' म्हणताना 'मो' लागलं की बॉदचा ब विरघळतो आणि 'मो वॉद' होतं. बाईला 'ब्यॅन', पण 'ती बाई' म्हणताना 'अन व्यॅन'. शब्दाच्या सुरुवातीचं अक्षर असं आधीच्या शब्दामुळे बदलतं. या मऊपणाला त्यांच्या व्याकरणात 'शेव्यू' म्हणतात, शब्दशः सौम्य करणं.

सरळ व्ही का लिहीत नाहीत? कारण मग 'वॉद' कोणत्या शब्दाखाली शोधायचा ते कळणार नाही. बीएच लिहिलं की डोळ्याला दिसतं: इथे मूळ ब आहे, फक्त सध्या मऊ झालाय. आपण 'उत्पन्न' मध्ये त लिहितो आणि घाईत बोलताना तो कुठे जातो कुणास ठाऊक. पण लिहितो, कारण मूळ दिसलं पाहिजे. तसंच.

हा एच पूर्वी नव्हताही. हस्तलिखितांत आणि आयरिश वळणाच्या जुन्या छपाईत बीच्या डोक्यावर एक ठिपका असायचा, आपल्या अनुस्वारासारखा. ठिपका म्हणजे मऊ. शिवॉन तेव्हा सहा अक्षरांत मावायची. विसाव्या शतकाच्या मध्याला सरकारने लेखन सोपं करायला घेतलं, १९५८ मध्ये प्रमाणभाषेचं पुस्तक आलं, शाळांत रोमन वळण आलं, टाइपरायटरवर ठिपका नव्हता आणि एच होता. आपल्याकडे मोडी जाऊन बाळबोध उरली, तितकं मोठं नाही, पण घराघरात जाणवलेलं स्थित्यंतर. ठिपक्यांच्या जागी एच आले आणि स्पेलिंग लांबलचक, इंग्रजी डोळ्याला विचित्र दिसायला लागली.

व्यंजन मऊ होऊन व होणं आपल्याला तरी कुठे नवीन आहे? दीपाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं. आयरिशमध्ये एम मऊ झाला तरी व होतो. 'नीव' या मुलीच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी एमएच असतात. आणि आपण? ग्रामचं गाव, नामचं नाव.

मुंबईकरांना तर शिवॉन वाचायला अवघड जायलाच नको. मध्य रेल्वेवर ते रोज धडा गिरवतात. सीमा या संस्कृत शब्दात ई समोर आल्यावर स चा श झाला, म चा व झाला, आणि तयार झाली शीव. वेस. मुंबई बेट संपून साष्टी सुरू होण्याची जागा. फलकावर इंग्रजीत एस-आय-ओ-एन, मराठीत शीव. एस-आय-ओ अशी सुरुवात बघून ज्याच्या तोंडी श येतो, त्याने अर्धी शिवॉन जिंकली.

उरला ए. खरं लेखन करायचं तर या ए वर एक तिरकी रेघ असते, डावीकडून उजवीकडे वर चढणारी. तिला 'फादा' म्हणतात, अर्थ लांब. स्वर दीर्घ करा, एवढीच तिची सूचना, आपल्या ह्रस्व-दीर्घासारखीच. आणि आपल्यासारखाच तिच्यावरून गोंधळही. 'शॉन' वरची रेघ गाळली तर तो शब्द 'म्हातारा' असा होतो. शिवॉनवरची गाळली तर अर्थ बदलत नाही, फक्त शिवॉन नावाच्या बाया चिडतात.

एकूण बेरीज: श, इ, व, आ आणि ऑ यांच्या मधला एक लांब स्वर, न. दक्षिणेकडे, कॉर्क आणि केरीत, तो व दातांनी खालचा ओठ दाबून म्हणतात. उत्तरेकडे, डोनेगलच्या बाजूला, ओठ गोल करून, जवळजवळ 'शुवान' ऐकू येतं. आपला मराठी व या दोघांच्या बरोबर मध्ये उभा आहे, त्यामुळे आपण कुठेही गेलो तरी चालून जातो.

जेहान कुठून आली

११६९ च्या मे महिन्यात आयर्लंडच्या आग्नेय टोकाला, वेक्सफर्डमधल्या बॅनो खाडीत, काही जहाजं लागली. लेन्स्टरचा पदच्युत राजा डर्मट मॅकमरो याने आपलं राज्य परत मिळवायला वेल्समधले नॉर्मन सरदार बोलावले होते. भाऊबंदकीत बाहेरची फौज मदतीला बोलवायची आणि मग ती फौज परत जात नाही, ही गोष्ट आपल्या इतिहासात वाचलेल्यांना पुढचं सांगायला नको. पुढच्या वर्षी स्ट्राँगबो नावाने ओळखला जाणारा रिचर्ड द क्लेअर आला, त्याचं डर्मटच्या मुलीशी, इफाशी, लग्न लागलं, आणि ११७१ मध्ये खुद्द इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री उतरला.

हे लोक इंग्लंडच्या राजाचे, पण घरात फ्रेंच बोलणारे. त्यांच्या मुलांची नावं फ्रेंच: मुलगा जेहां, मुलगी जेहान. आयरिश शेजाऱ्यांनी ती नावं ऐकली. त्यांच्या भाषेत ज हा वर्णच नाही. मग जवळचा आवाज कोणता? बारीक एस, म्हणजे श. जेहांचा झाला शॉन, जेहानची झाली शिवॉन. जेहानमध्ये दोन स्वरांच्या मध्ये जिथे ह श्वास टाकत होता, तिथे शिवॉनमध्ये व आहे.

ज चा श करण्याची ही रांग मोठी आहे. जेम्सचा 'शेमस', जॉर्जचा 'शोर्शे', जोसेफचा 'शोसव'. जेहानचं लाडाचं फ्रेंच रूप म्हणजे जानेत, त्याची 'शिनेद'. म्हणजे शिवॉन आणि शिनेद या सख्ख्या बहिणी, फक्त धाकटीला लाडाने हाक मारली. याच काळात सिसिलीची 'शीला' झाली, जिला इंग्रजीत शीला म्हणूनच लिहितात. आपल्या शीलाशी तिचा काही संबंध नाही. आपली 'शील' वरून आली, ती रोममधल्या एका संतिणीच्या नावावरून. आयर्लंडला गेलेल्या मराठी शीलाताईंना मात्र स्पेलिंग सांगावं लागत नाही, एवढा फायदा.

जेहानच्या मागे गेलं तर लॅटिन योहान्ना, त्याच्या मागे ग्रीक, त्याच्या मागे हिब्रू योहानान. 'परमेश्वराने कृपा केली.' मराठी बायबलातला योहान तो हाच. या एका नावाने जगात जेवढी घरं केली तेवढी क्वचित कुणी केली असतील: इंग्रजी जॉन, जेन, जोन, इटालियन जोव्हानी, स्पॅनिश ह्वान, रशियन इव्हान. गोव्यात पोर्तुगिजांबरोबर आला तो जुआंव. २४ जूनला, ऐन पहिल्या पावसात, डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून लोक विहिरीत उड्या मारतात, तो सांजांव म्हणजे संत योहानच. त्याच्या आदल्या रात्री पश्चिम आयर्लंडमध्ये गावोगाव शेकोट्या पेटतात. संत तोच, इकडे पाणी, तिकडे आग.

इथे मला एक तक्रार नोंदवायची आहे. बाळांच्या नावांच्या याद्यांमध्ये शिवॉनपुढे 'अर्थ: देव कृपाळू आहे' असं छापलेलं असतं आणि लोक ते आयरिश शब्दाचा अर्थ समजतात. आयरिशमध्ये शिवॉन या शब्दाचा तसा काही अर्थ होत नाही. तो अर्थ चार भाषा मागे, हिब्रूत राहिला. आपल्याला प्रत्येक नावाला अर्थ हवाच असतो, त्यामुळे हे जरा जड जातं. पण बऱ्याच नावांचा खरा अर्थ एवढाच असतो की आधी कुणाचं तरी होतं.

योहान आयर्लंडमध्ये दोनदा आला, हेही सांगायला हवं. नॉर्मन यायच्या कितीतरी शतकं आधी मठांमधून, लॅटिनमधून, तो 'ओइन' म्हणून आला होता. त्यामुळे आयरिशमध्ये बाप्तिस्मा देणारा योहान हा ओइन, आणि शेजारचा शेतकरी शॉन. देवळाच्या दाराने आलेला वेगळा, वेशीतून आलेला वेगळा. बायकांच्या बाजूला मात्र देवळाच्या दाराने कुणी आलीच नाही. शिवॉन आणि शिनेद, दोघी फ्रेंचमधूनच.

नॉर्मनांचं पुढे काय झालं? ते आयरिश झाले. आयरिश बोलायला लागले, आयरिश कवी पदरी ठेवायला लागले, आयरिश पद्धतीने घोड्यावर बसायला लागले. लंडनला धास्ती पडली. १३६६ मध्ये किलकेनीला कायदे झाले: इंग्रज वसाहतवाल्यांनी इंग्रजीच बोलायचं, नाव इंग्रजीच लावायचं, आयरिशांशी सोयरीक करायची नाही. कायद्याने हे थांबलं नाही. आणि ज्या काळात नॉर्मनांना आयरिश नावं घेऊ नका म्हणून बजावलं जात होतं, त्याच काळात आयरिश घरांत नॉर्मन नावं रांगत होती. बटाटा आणि पगार पोर्तुगीज आहेत हे आपल्याला मुद्दाम सांगावं लागतं. शिवॉनचं तसंच झालं.

जोहाना, ज्युडिथ, ज्युलिया

मग सतराव्या शतकापासून इंग्रजांची पकड खरोखर घट्ट झाली आणि उलटा प्रवास सुरू झाला. घरात शिवॉन, कागदावर दुसरीच कुणी.

आयरिश नावांच्या इंग्रजी जोड्या ठरून गेल्या होत्या, आणि त्यांतल्या अनेक जोड्यांना काहीही आधार नव्हता. ग्रॉन्याची ग्रेस, सोरखाची सारा, डीर्मिडचा थेट जेरेमाया. गोबनेट नावाच्या बाईचं कागदावर ॲबिगेल व्हायचं. शिवॉनला जोहाना किंवा जोन लिहिलं तर निदान गोत्र तरी जुळतं. पण तिला ज्युडिथ आणि ज्युलियाही करून टाकत. आवाजात थोडं साम्य, सुरुवातीला ज, बस. पुण्याच्या कॉल सेंटरमध्ये रात्रपाळीला संदीपचा सॅम व्हायचा, तो निदान सकाळी घरी येताना परत संदीप होत असे.

एकाच बाईचा माग काढायचा झाला तर काय दिसतं, ते कल्पना करून बघा. केरीतल्या एका मुलीचा जन्म. आई तिला शिवॉन म्हणते. चर्चच्या वहीत पाद्री लॅटिनमध्ये 'योहान्ना' लिहितात, कारण वही लॅटिनमध्येच असते. १८६४ पासून सगळ्या जन्मांची सरकारी नोंद सुरू झाली, तिथे 'जोहाना'. मोठी होऊन ती बॉस्टनच्या जहाजात चढते तेव्हा 'हॅना', कारण कॉर्क-केरीत जोहानाचं हॅना हे रोजचं लघुरूप. चार कागद, चार बायका, आणि प्रत्यक्षात एकच. आज अमेरिकेतून पणजीचं गाव शोधत येणारे लोक इथेच अडकतात. १९०१ आणि १९११ च्या शिरगणतीचे आयरिश तक्ते आता कुणालाही फुकट बघता येतात, घरोघरच्या मूळ कागदासह. त्यात कॉर्कच्या बाजूला जोहाना डझनांनी सापडतात. त्यांतल्या कितीजणींना चुलीजवळ शिवॉन अशी हाक ऐकू येत होती, ते कागदाला कुठलं ठाऊक?

वारा फिरला तो १८९३ नंतर. डब्लिनमध्ये त्या वर्षी आयरिश भाषा टिकवण्यासाठी गेलिक लीग ही संस्था स्थापन झाली, आणि सुशिक्षित तरुणांत आयरिश शिकण्याची लाट आली. भाषेबरोबर नावंही परत घेतली गेली. लीगच्या संस्थापकांपैकी एकाचं जन्मनाव जॉन मॅकनील. इतिहास त्यांना ओइन म्हणून ओळखतो. जेन फ्लॅनगन नावाची एक शिक्षिका आयरिशचे वर्ग घ्यायची. तिने स्वतःला शिनेद केलं. तिच्या वर्गात एक उंच, किडकिडीत गणिताचा मास्तर यायचा. १९१० मध्ये त्यांचं लग्न झालं. मास्तरांचं नाव एमन डी व्हॅलेरा, पुढे आयर्लंडचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष.

शिवॉनला रंगमंचाने वर आणलं. शिवॉन मकेना बेलफास्टला जन्मली, गॉलवेत वाढली, घरी आयरिश बोलायची, आणि गॉलवेच्या आयरिश भाषेतल्या नाट्यगृहात तिने सुरुवात केली. बर्नार्ड शॉच्या जोन ऑफ आर्कवरच्या नाटकाचा तिने स्वतः आयरिशमध्ये अनुवाद केला आणि त्यात जोन साकारली. पुढे हीच भूमिका तिने लंडन-न्यूयॉर्कलाही इंग्रजीतून गाजवली. आयरिश अनुवादाचं नाव काय होतं? 'सॅन शिवॉन'. संत शिवॉन. जोनचं आयरिश रूप शिवॉनच, दुसरं काय ठेवणार? जोन ऑफ आर्कच्या ज्या सह्या आज शिल्लक आहेत, त्यांत तिने आपलं नाव 'जेहान' असंच लिहिलंय. तिला १४३१ मध्ये जिवंत जाळलं ते रुआँमध्ये, नॉर्मंडीच्या राजधानीत. नॉर्मनांवरून ज्या प्रदेशाला नॉर्मंडी नाव पडलं, तोच. नाव फिरून फिरून पुन्हा तिथेच आलं.

मकेनाच्या काळात आणि नंतरच्या दोन-तीन दशकांत मुलींना शिवॉन नाव ठेवणं घरोघरी रुळलं. अटलांटिक ओलांडून गेल्यावर ज्यांनी ते फक्त ऐकलं होतं, त्यांनी ऐकल्यासारखं लिहिलं: अमेरिकेत शव्हॉन, शेव्हॉन अशी सी किंवा एसने सुरू होणारी किती तरी स्पेलिंग झाली, आणि आयर्लंडशी नातं नसलेल्या घरांतही ती ठेवली गेली. २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'सक्सेशन' मालिकेत धनाढ्य म्हाताऱ्याच्या मुलीचं नाव शिवॉन आहे. सगळे तिला तोडून 'शिव' म्हणतात. आमच्या घरी ती मालिका लागली तेव्हा आईने दोन भाग संयम ठेवला आणि मग विचारलंच, "ही बाई असून तिला शिव काय म्हणतात?"

आज आयर्लंडमध्ये शिवॉन म्हटलं की साधारण चाळिशी-पन्नाशीतली बाई डोळ्यांसमोर येते. आपल्याकडे वर्षा, स्मिता, माधुरी म्हटल्यावर जसं वय कळतं तसं. नव्या आईबापांना आता 'फीआ' हवी असते. २०२१ मध्ये आयर्लंडमध्ये मुलींच्या नावांत तीच पहिली होती. तिच्या स्पेलिंगमध्ये शेवटचे डी आणि एच पूर्ण गप्प बसतात. म्हणजे नावं बदलली, पण इंग्रजांना अडखळवायची हौस काही कमी झाली नाही.

रेघेचं भांडणही चालूच आहे. जुन्या संगणकांना ती तिरकी रेघ पचत नाही. विमानाच्या तिकिटावर शिवॉनच्या पोटात प्रश्नचिन्ह येतं, कुठे ए हे अक्षरच गायब होतं. २०२१ मध्ये आयर्लंडने राजभाषा कायद्यात दुरुस्ती केली आणि सरकारी संस्थांनी लोकांची आयरिश नावं फादासकट नीट लिहिली पाहिजेत असं त्यात घातलं. किलकेनीच्या कायद्याला साडेसहाशे वर्षांनी उत्तर, तेही एका रेघेपुरतं.

हाक मारायची कशी

एवढं सगळं शिकून तुम्ही तिला आयरिशमध्ये हाक मारायला गेलात तर ती 'शिवॉन' उरतच नाही. आयरिशमध्ये संबोधन आहे, आपल्यासारखंच. आपण 'बाळ' ला 'बाळा' म्हणतो, 'मुलं' ना 'मुलांनो'. फरक एवढाच की आपण शेपूट बदलतो, ते डोकं बदलतात. हाकेच्या आधी छोटा 'अ' लागतो आणि पहिलं व्यंजन मऊ होतं. एस मऊ झाला की उरतो ह. 'अ हिवॉन!' अंगणातून आयरिश आई अशी ओरडते. सिंधूचा हिंदू झालेल्या आणि सप्ताहाशेजारी हप्ता नांदणाऱ्या मुलखातल्या माणसाला यात धक्का बसू नये. स्कॉटलंडमध्ये तर याच हाकेचं स्वतंत्र नाव झालं: शेमसला हाक मारताना 'अ हेमिश' होतं, ते इंग्रजांनी ऐकलं, आणि हेमिश नावाची मुलं जन्माला यायला लागली.

आडनावही बाईप्रमाणे बदलतं. ओ'सलिव्हनच्या घरची मुलगी आयरिशमध्ये 'ओ' लावत नाही, 'नी' लावते, आणि पुढचा स पुन्हा ह होतो: शिवॉन नी हूलवॉन. लग्न होऊन त्या घरात आलेल्या बाईला तिसरंच काहीतरी लागतं, पण त्यात आता शिरत नाही.

माझ्या कामातल्या शिवॉनला मी तिसऱ्या-चौथ्या कॉलला सिओभानची गोष्ट सांगितली. ती हसली, म्हणाली, बँकेत एकीने तिला 'सायोबान' म्हटलं होतं, त्यापेक्षा हे बरंय. मग थोडं थांबून, जरा संकोचत तिने विचारलं, तुझ्या नावाबद्दल एक विचारू का. माझं नाव ज्ञ ने सुरू होतं. इंग्रजीत डी, एन, वाय.

"यातला डी," तिने विचारलं, "उच्चारायचा असतो, की तो फक्त पुढच्यासाठी बसवलाय?"